लहान मुलांचा कर्करोग आणि गरीब देशांतील उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान मुलांनाही कर्करोग होतो का? का होतो?

होतो. 0 ते 19 या वयोगटातील सुमारे 4 लाख मुलामुलींना जगभरात दरवर्षी कर्करोग होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात रक्ताचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. मेंदूतील गाठी, लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, तसेच मूत्रपिंड, डोळ्याचा पडदा, हाडे आणि स्नायू यांचे कर्करोग हेही मुलांमध्ये दिसतात. मोठ्या माणसांच्या कर्करोगामागे तंबाखू, दारू किंवा वर्षानुवर्षांच्या सवयी असू शकतात. मुलांच्या बाबतीत तसे काही सांगता येत नाही. सुमारे एकदशांश मुलांत आनुवंशिक दोष सापडतो, उरलेल्या बहुतेकांत नेमके कारण कळत नाही. म्हणूनच आईने गरोदरपणात काय खाल्ले, कोणाची नजर लागली, घरात कोणाचे काय चुकले, ही चौकशी निरर्थक तर आहेच, शिवाय ज्या आईला पुढची दोन-तीन वर्षे रुग्णालयाच्या पायऱ्या चढायच्या आहेत तिचे बळ ती हिरावून घेते. हा आजार संसर्गजन्य नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मूल शाळेत इतरांच्या शेजारी बसू शकते.

बरे होण्याचे प्रमाण देशागणिक इतके वेगळे का असते?

श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी 80 टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण 30 टक्क्यांच्याही खाली आहे. आजार तोच आणि औषधेही बहुतांशी तीच असताना हे अंतर पडते, कारण मूल आजारी पडल्यापासून बरे होईपर्यंतच्या वाटेवर प्रत्येक टप्प्याला काही मुले गळत जातात. काहींचे निदानच होत नाही. काहींना क्षयरोग किंवा साधी रक्तक्षय समजून महिनोन्‌महिने भलतेच औषध दिले जाते. काही मुले मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचतात तेव्हा आजार सर्वत्र पसरलेला असतो. काहींचा उपचार मध्येच सुटतो, तर काही मुले कर्करोगाने न जाता उपचारादरम्यान झालेल्या जंतुसंसर्गाने दगावतात.

यातील पहिला टप्पा किती मोठा आहे, हे 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजातून कळते. 2015 मध्ये 15 वर्षांखालील सुमारे 3 लाख 97 हजार मुलांना कर्करोग झाला असावा, आणि त्यांपैकी केवळ 2 लाख 24 हजार मुलांचे निदान झाले, असे त्या अभ्यासाचे गणित होते. म्हणजे दर दहा मुलांपैकी चार मुले आपल्याला काय झाले होते हे कोणालाही न कळता गेली असावीत. रुग्णालयांच्या आकडेवारीत ही मुले कधीच येत नाहीत, आणि म्हणून बरे होण्याच्या टक्केवारीबद्दल बोलताना त्यांचा विसर पडतो.

यासाठी लागणारी औषधे नवी आणि अतिशय महाग असतात का?

बहुतेक नाहीत. मुलांमधील रक्ताच्या कर्करोगावर वापरली जाणारी व्हिन्क्रिस्टिन, मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरिन, प्रेडनिसोलोन ही औषधे अर्ध्या शतकाहून जुनी आहेत. व्हिन्क्रिस्टिन ज्या वनस्पतीपासून मिळते ती म्हणजे आपल्या अंगणातली सदाफुली.

मेथोट्रेक्सेटच्या इतिहासाचा एक धागा तर मुंबईच्या गिरणगावातून जातो, आणि तो मराठी वाचकाला माहीत असावा असे आम्हांला मनापासून वाटते. ल्यूसी विल्स या ब्रिटिश संशोधक 1928 साली मुंबईत आल्या आणि गिरणी कामगार वस्तीतील गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी दाखवले. त्यातील उपयुक्त घटक म्हणजे फॉलिक आम्ल, हे पुढे सिद्ध झाले. अमेरिकेत काम करणारे आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार केले आणि त्याच्या कार्याला अडथळा करणारी रसायनेही बनवली. त्यांपैकी एक, अमिनोप्टेरिन, बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले, आणि काही मुलांचा आजार तात्पुरता का होईना, मागे हटल्याचे 1948 साली जाहीर केले. मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातले औषध. ज्या ज्ञानाची सुरुवात परळ-लालबागच्या श्रमिक स्त्रियांच्या रक्ताच्या तपासणीतून झाली, त्याचा लाभ त्याच वर्गातील मुलांना आजही अपुरा मिळावा, हे आम्हांला अतिशय बोचते.

आजार इतक्या उशिरा का लक्षात येतो?

मुलांचा कर्करोग विरळा आहे आणि सुरुवातीची लक्षणे नेहमीच्या दुखण्यांसारखी असतात. गावातल्या डॉक्टरांना त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीत अशी मोजकीच मुले दिसतात. त्यामुळे ताप, फिकेपणा, मानेतली गाठ पाहून प्रथम संसर्गाचा विचार होणे स्वाभाविक आहे. पहिल्या डॉक्टरला लगेच शंका यायलाच हवी, असा आग्रह कोणी धरू नये. मात्र दोन आठवड्यांच्या उपचाराने फरक पडला नाही, तर पुढे पाठवण्याची ठरलेली वाट असायला हवी, आणि नेमकी तीच नसते.

डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग, म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, हे याचे बोलके उदाहरण आहे. 2017 साली निदान झालेल्या 153 देशांतील 4,351 मुलांच्या अभ्यासात श्रीमंत देशांमध्ये निदानाच्या वेळचे मध्यक वय (निम्मी मुले ज्याहून लहान आणि निम्मी मोठी असतात ते वय) सुमारे 14 महिने, तर सर्वांत गरीब देशांमध्ये साडेतीस महिने आढळले. निदान होईतो आजार शरीरात अन्यत्र पसरलेला असण्याचे प्रमाण श्रीमंत देशांत 0.3 टक्के होते. सर्वांत गरीब देशांत ते जवळजवळ 19 टक्के होते. सोळा महिन्यांच्या या विलंबात एका बालकाचा आधी डोळा आणि मग जीव जातो. तेही अशा आजारात, जो बाहुलीतल्या पांढऱ्या चमकेवरून आईच्या नजरेला सर्वांत आधी दिसतो.

भारतात आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत मुलींपेक्षा मुलगे खूप अधिक दिसतात, आणि हा फरक केवळ शरीरशास्त्राने समजावता येत नाही. एकदा उपचार सुरू झाल्यावर मुलगा-मुलगी हा फरक बराच पुसला जातो, असेही अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे मुली गळतात त्या घर आणि रुग्णालय यांच्या मधल्या रस्त्यावर.

कोणती लक्षणे दिसल्यास मुलाला मोठ्या रुग्णालयात न्यावे?

कारण न कळता लांबलेला ताप, वाढता फिकेपणा, अंगावर आपोआप उमटणारे काळेनिळे डाग किंवा हिरड्यांतून रक्त. पोट, मान किंवा अन्यत्र न दुखणारी पण वाढत जाणारी गाठ. बाहुलीत पांढरी चमक, विशेषतः फ्लॅश टाकून काढलेल्या छायाचित्रात, किंवा नव्याने आलेला तिरळेपणा. हाडांचे असे दुखणे की ज्यामुळे मूल रात्री उठून रडते किंवा लंगडू लागते. सकाळी डोकेदुखीसह उलट्या, चालताना तोल जाणे. यांपैकी काही दिसले म्हणजे कर्करोगच आहे असे मुळीच नाही. पण लक्षण दोन आठवड्यांत कमी झाले नाही, तर बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. रक्त येत असेल किंवा बाहुली पांढरी दिसत असेल तर दोन आठवडेही थांबू नये. गाठ चोळू नये, तिच्यावर डाग देऊ नये.

पालक उपचार अर्धवट का सोडतात?

हा प्रश्न बहुधा तक्रारीच्या सुरात विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक वाटते. रक्ताच्या कर्करोगाचा उपचार साधारणपणे दोन ते तीन वर्षे चालतो. पहिल्या काही महिन्यांत जवळजवळ दर आठवड्याला रुग्णालयात यावे लागते. औषध जरी मोफत मिळाले, तरी गाडीभाडे, शहरात राहणे, बाहेरचे खाणे आणि बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंबावरच पडतो. बीडमधल्या ऊसतोड कामगाराची वर्षाची कमाई हंगामाच्या पाच-सहा महिन्यांत होते आणि ती उचल घेऊन आधीच खर्च झालेली असते. कोयता जोडीने चालतो. आई मुलाबरोबर मुंबईत राहिली, तर वडिलांचेही काम मोडते. घरी दुसरी लेकरे असतात. त्यातच पहिल्या महिनाभराच्या औषधांनी मूल हसू-खेळू लागते, आणि बरे दिसणाऱ्या मुलाला पुन्हा सुया टोचायला का न्यायचे, हा प्रश्न घरातली वडीलधारी माणसे विचारू लागतात. अशा वेळी उपचार थांबवणारा बाप निष्काळजी नसतो. त्याच्यासमोर जे दोनच मार्ग ठेवले गेले, त्यांतला एक त्याने निवडलेला असतो.

याचा पुरावा असा की, व्यवस्था बदलली की तेच पालक टिकतात. ब्राझीलच्या गरीब ईशान्य भागातील रेसिफे शहरात मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी राहण्याची सोय, समाजसेवक, प्रशिक्षित परिचारिका आणि ठरीव उपचारपद्धती यांचा एकत्रित कार्यक्रम उभा राहिला. तेथे 1980 च्या दशकात 16 टक्के मुलांचा उपचार सुटत असे. 2002 पर्यंत हे प्रमाण अर्ध्या टक्क्यावर आले. पाच वर्षांनंतर आजारमुक्त असणाऱ्या मुलांचे प्रमाण याच काळात 32 टक्क्यांवरून 63 टक्क्यांवर गेले.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा अनुभव याच्याशी जुळतो. 2009 च्या सुमारास तेथील बालविभागात जवळजवळ दर पाचांपैकी एका मुलाचा उपचार कुटुंबाकडून नाकारला जात असे किंवा मध्येच सुटत असे. विभागाने देणगी, निवास, धान्य, समुपदेशन आणि न आलेल्या मुलाच्या घरी त्याच आठवड्यात फोन करून केलेला पाठपुरावा हे सारे एका छत्राखाली आणले. त्यानंतरच्या दशकभरात हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आले. 2006 पासून मुंबईत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था अशा कुटुंबांना मोफत खोली, शिधा आणि स्वयंपाकघर देते. नावात साम्य असले तरी अमेरिकेतील मेम्फिस येथील प्रसिद्ध रुग्णालयापेक्षा ही संस्था वेगळी आहे.

पदपथावर झोपणाऱ्या कुटुंबातील मुलाच्या पांढऱ्या पेशी केमोथेरपीने घटलेल्या असताना त्याला रात्री ताप आला, तर तासाभरात प्रतिजैविक मिळणे हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. रुग्णालयाजवळची स्वच्छ खोली हीदेखील औषधच आहे, आणि अंदाजपत्रकात तिची नोंद औषधांच्याच रकान्यात व्हावी, असे आमचे ठाम मत आहे.

गरीब देशांत कमी तीव्रतेचा उपचार देणे हा अन्याय नाही का?

वरवर पाहता तसे वाटते, पण उलट आग्रहाने अधिक मुले गमावली आहेत. उपचार जितका तीव्र, तितकी त्याला पेलणारी व्यवस्था भक्कम हवी: रक्तपेढी, जंतुसंसर्गाची तपासणी, अतिदक्षता विभाग, चोवीस तास जागी असणारी परिचारिका. हे नसताना श्रीमंत देशातील उपचारपद्धती जशीच्या तशी वापरली, तर आजाराआधी उपचारच मुलाला मारतो.

डेनिस बर्किट या शल्यविशारदाने 1958 साली युगांडातील मुलांच्या जबड्यात वाढणाऱ्या एका गाठीचे वर्णन प्रसिद्ध केले. आज ती बर्किट लिम्फोमा म्हणून ओळखली जाते. मलावीत डॉक्टरांनी तिच्यावर प्रामुख्याने सायक्लोफॉस्फामाइड या एकाच स्वस्त औषधाचा 28 दिवसांचा उपचार वापरून पाहिला. एका मुलाच्या औषधांचा खर्च 50 डॉलरांहून कमी आला आणि सुमारे निम्मी मुले वर्षभरानंतर आजारमुक्त होती. निम्मी हा आकडा समाधानाचा नाही. परंतु शून्यापासून निम्म्यापर्यंत आल्यावरच पुढची पायरी बांधता येते.

मूत्रपिंडाच्या विल्म्स गाठीसाठी 2014 मध्ये मलावी, घाना, कॅमेरून आदी आफ्रिकी देशांतील रुग्णालयांनी मिळून एकच उपचारपद्धती स्वीकारली. गाठीचेच वजन इतके असते की मुलाच्या वजनावरून कुपोषण कळत नाही. म्हणून तेथे अंगणवाडीत वापरतात तशा पट्टीने दंडघेर मोजला जातो, आणि तीव्र कुपोषित मुलाला सुरुवातीला औषधाची मात्रा दोनतृतीयांश दिली जाते. प्रवासखर्च आणि राहण्याची मदत दिल्यावर उपचार सोडण्याचे प्रमाण तेथे जवळजवळ निम्म्यावर आले.

श्रीमंत देशांतील रुग्णालये यात काय मदत करू शकतात?

सर्वांत टिकाऊ ठरलेली पद्धत म्हणजे दोन रुग्णालयांची दीर्घकाळची जोडी. 1986 साली इटलीतील मोन्झा येथील डॉक्टरांनी निकाराग्वाच्या मानाग्वा शहरातील ला मास्कोटा या बालरुग्णालयाशी असे नाते जोडले. मेम्फिसच्या सेंट ज्यूड बालरुग्णालयाने 1993 मध्ये एल साल्वादोरमधील बेंजामिन ब्लूम रुग्णालयाबरोबर तसेच काम सुरू केले. यात यंत्रे भेट देऊन निघून जाणे नसते. तिथल्याच डॉक्टरांना आणि परिचारिकांना शिकवणे, प्रत्येक कठीण मुलाची दोघांनी मिळून चर्चा करणे आणि स्थानिक लोकांची निधी उभारणारी संस्था घडवणे, असे त्याचे स्वरूप असते. भारतातही 1984 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने तयार झालेली एमसीपी-841 ही उपचारपद्धती मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या रुग्णालयांत वापरली गेली, आणि रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांच्या बरे होण्याचे प्रमाण तिने खूपच वाढवले.

औषधांचा पुरवठा हीच मोठी अडचण आहे का?

काही देशांत निश्चितच. कर्करोगाची औषधे सर्वसाधारणपणे उपलब्ध असल्याचे श्रीमंत देशांपैकी 96 टक्के देश सांगतात. गरीब देशांपैकी केवळ 29 टक्के. लहान देशाला वर्षाला थोड्याच कुप्या लागतात, त्यामुळे उत्पादकांना तेथे रस नसतो, आणि कमी दर्जाचा माल शिरकाव करतो. रक्ताच्या कर्करोगावरील अ‍ॅस्पॅराजिनेज या नाजूक औषधाच्या बाबतीत हे अनेक देशांत आढळले आहे, आणि त्याची किंमत मुलांनी आजार उलटून मोजली आहे. यावर उपाय म्हणून 2021 मध्ये सेंट ज्यूड रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी एक जागतिक खरेदी-वितरण मंच जाहीर केला. सेंट ज्यूडने त्यासाठी 20 कोटी डॉलर दिले आणि युनिसेफ पुरवठ्याचे काम पाहते. दर्जा तपासलेली औषधे त्यातून मोफत दिली जातात. 2025 च्या आरंभी मंगोलिया आणि उझबेकिस्तान येथे पहिली खेप पोहोचली.

भारतात औषधे तयार होतात, ही आपली मोठी जमेची बाजू आहे. येथे प्रश्न बहुधा मुलाला झेपेल अशा मात्रेचा असतो. मोठ्यांची गोळी मोडून तिचा अर्धा-पाव भाग देण्याची वेळ आईवर येते.

जागतिक पातळीवर काही उद्दिष्ट ठरले आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये मुलांच्या कर्करोगासाठी जागतिक उपक्रम सुरू केला. 2030 पर्यंत जगातील किमान 60 टक्के मुले वाचावीत, हे त्याचे उद्दिष्ट आहे. बरे होण्याची शक्यता चांगली असलेले सहा कर्करोग आरंभासाठी निवडले आहेत.

गरीब देशांनी आधी हिवताप आणि अतिसाराकडे पाहावे. या खर्चिक आजारावर पैसा का घालावा?

मुलांच्या कर्करोगासाठी लागणारी रक्तपेढी, प्रयोगशाळा, शस्त्रक्रियागृह आणि प्रशिक्षित परिचारिका या सोयी इतर सर्व आजारी मुलांच्याही कामी येतात, हे पहिले उत्तर. दुसरे उत्तर आर्थिक आहे. 2020 मध्ये एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हिशेब मांडला की, काहीच केले नाही तर 2020 ते 2050 या काळात 1 कोटी 11 लाख मुले कर्करोगाने दगावतील. योग्य गुंतवणुकीने त्यांपैकी 62 लाख वाचू शकतील, आणि खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे समाजाला तीन डॉलर परत मिळतील. बरे झालेल्या पाच वर्षांच्या मुलापुढे साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य असते, म्हणून हे गणित जुळते. हे उत्तर अर्थखात्यासाठी आहे. मुलाच्या उशाशी बसलेल्या आईला कोणत्याही गणिताने पटवण्याची गरज नसते.

महाराष्ट्रात उपचाराचा खर्च कोण देते?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि प्रधानमंत्री जन आरोग्य योजना यांतून अंगीकृत रुग्णालयांत कर्करोगाचे उपचार घेता येतात. एका कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असते. रुग्णालयातील आरोग्यमित्र आणि समाजसेवा अधीक्षक यांना पहिल्याच दिवशी भेटावे. शिधापत्रिका आणि मुलाचे आधारपत्र सोबत असावे. मुलाचे नाव शिधापत्रिकेत नाही म्हणून पहिले दिवस वाया जाणे ही नेहमीची आणि टाळता येण्यासारखी गोष्ट आहे.

आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल तर?

तेव्हाही करण्यासारखे पुष्कळ असते. वेदना, धाप, उलट्या, भीती यांवर उपचार करणे हा मुलाचा हक्क आहे. तोंडाने घ्यायचे मॉर्फिन स्वस्त आणि सुरक्षित आहे; कायद्याच्या जाचामुळे ते मिळणे दुरापास्त होते, म्हणून 2014 साली भारतात अमली पदार्थविषयक कायद्यात सुधारणा झाली. तरीही जिल्ह्याच्या ठिकाणी ते आजही सहज मिळत नाही, आणि मूल तळमळत असताना ‘सवय लागेल’ या भीतीने ते नाकारले जाते. ही भीती सोडली पाहिजे.

बरे झाल्यावर पुढे काय?

तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. काही औषधांचा हृदयावर, किरणोपचाराचा वाढीवर आणि बुद्धीवर अनेक वर्षांनी परिणाम दिसू शकतो. टाटा स्मारक रुग्णालयात 1991 पासून उपचार संपलेल्या मुलांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो. मुलाची सर्व कागदपत्रे, विशेषतः कोणते औषध एकूण किती दिले याची नोंद, जन्मभर जपून ठेवावी. पुढे लग्न ठरवताना आजार लपवण्याचा दबाव येतो, मुलींवर अधिक येतो. त्याबाबत बरे झालेल्या तरुणांचे गट चांगला आधार देतात.

सामान्य नागरिक काय करू शकतो?

देणगी देता येते, पण आणखी एक गोष्ट आहे जी पैशाने विकत मिळत नाही. केमोथेरपी घेणाऱ्या मुलाला वारंवार प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, लागतात, आणि प्लेटलेट साधारण पाच दिवसच टिकतात. त्यामुळे एका दिवशीच्या मोठ्या शिबिराने पुढच्या पंधरवड्याची गरज भागत नाही. बाहेरगावहून आलेल्या कुटुंबाला शहरात रक्तदाता कोठून मिळणार? आपल्या जवळच्या कर्करोग रुग्णालयाच्या रक्तपेढीत नाव, रक्तगट आणि फोन नोंदवून ठेवावा, आणि मे महिन्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीच्या दिवसांत, जेव्हा दाते गावी गेलेले असतात, तेव्हा बोलावणे आले तर जावे.